खान्देशात ळ आधी झिजतो

अमळनेर, चैत्र

तीर्थस्वरूप आबांस सा. न.

तुम्हाला सुरतेच्या गाडीत बसवून दिलं त्याला महिना होऊन गेला. पोहोचल्यावर तुम्ही फोन केलात, दोन मिनिटं बोललात, त्यातलं दीड मिनिट तिथल्या पाण्याविषयी. आम्हाला बोलायचं होतं ते राहिलंच. समोरासमोर आभारबिभार मानायला गेलो असतो तर तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय संपवला असता. म्हणून हे उघडं पत्र. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. चार लोकांनाही कळू दे, की आमच्या दुकानाचं जे काही बरं चाललंय त्यातलं पुष्कळसं शेजारच्या ओट्यावरून आलंय.

चार लोकांसाठी थोडं सांगते. आबा छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये लावायचा, ओळ आरशातल्यासारखी उलटी वाचायची. कॉम्प्युटर आला तेव्हा छापखान्यानं खिळे वजनावर भंगारात काढले. आबांनी त्यातली एक केस, म्हणजे खिळे ठेवायची खणाखणांची पेटी, वाचवून घरी आणली. २०२१ मध्ये माझा धाकटा भाऊ पुण्याची नोकरी सोडून परत आला. मी मुलांचे चित्रकलेचे क्लास घेत होते. आबांच्या शेजारचा गाळा भाड्यानं घेऊन आम्ही दोघांनी काम सुरू केलं: हातानं काढलेली अक्षरं, स्क्रीन प्रिंटिंग, लग्नाच्या पत्रिका, कुणी मागितल्या तर अहिराणीतसुद्धा. अक्षरं माझी, छपाई त्याची.

आबा, पहिल्या लग्नसराईतली ती पत्रिका तुम्हाला आठवत असेलच. चारशे प्रती. तारीख बरोबर, वार चुकलेला. गुरुवारच्या लग्नाला आम्ही बुधवार छापला. नवऱ्या मुलाचा मामा पत्रिका घेऊन गाळ्यात आला आणि विचारलं, "वऱ्हाडानं दोन दिवस मुक्काम करायचा का?" चारशेच्या चारशे पदरचे पैसे घालून पुन्हा छापल्या. पैशांचं दुःख होतं, पण त्याहून वाईट म्हणजे आमचं दोघांचं बोलणं बंद झालं. "प्रूफ तू वाचलंस ना?" "नाही, तू वाचलंस." दोन दिवस आम्ही एकमेकांना वस्तू टेबलावरून ढकलून देत होतो.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आत आलात आणि न विचारता दोघांना समोरासमोर बसवलंत. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रूफावर बोट ठेवायचं. मग अदलाबदल. आकडे उलटीकडून. वार म्हटला की भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट. शेवटी प्रूफाच्या कोपऱ्यात दोघांच्या सह्या. "छापखान्यात वाचणारा वेगळा, बघणारा वेगळा. एकट्याचा डोळा त्याला हवं तेच वाचतो," इतकंच म्हणालात. तेव्हापासून चूक झाली तरी ती दोघांची असते, आणि दोघांची चूक असली की भांडायला कुणी उरत नाही. (आमची आई म्हणते, लहानपणी बिस्किटं वाटताना हे सुचलं असतं तर बरं झालं असतं.)

वैशाखातली शाईही तुम्हीच सोडवलीत. लग्नं नेमकी त्याच महिन्यात आणि पारा ४४-४५ वर. पाण्याची शाई जाळीतच वाळते. दहाबारा कागद झकास निघतात, मग आधी अनुस्वार भरतो, मग बारीक वेलांटी जाते. धाकटा जाळी धुवायचा, पुन्हा दहा कागद, पुन्हा धुवायचा, आणि दुपारी तीनला डोक्यावर ओला टॉवेल घेऊन स्वतःवरच चिडायचा. तुम्ही ओट्यावरून ओरडलात, पहाटे चारला उठ. तुमच्या वेळी सरस-गुळाचे रोलर उन्हाळ्यात पाघळायचे म्हणून तुम्ही रात्रीच छापत होतात, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आता वैशाखात आमचं दुकान पहाटे चार ते नऊ. खिडकीवर ओलं पोतं.

पण खरं पत्र लिहायचं होतं ते पाटीबद्दल.

दुसऱ्या वर्षी गाळ्यावर पाटी लावायची ठरली. पत्र्यावर पिवळी जमीन, तांबडी अक्षरं, उजव्या अंगाला काळी छाया. तीन दिवस लागले. खाली बारीक अक्षरात 'प्रोप्रा.' आणि धाकट्याचं नाव. हे नावही मीच रंगवलं, इतर अक्षरांइतक्याच मनापासून. पप्पांचं म्हणणं होतं की धंदा मुलाच्या नावावर असलेला बरा, मुलगी उद्या सासरी जायची. मला सासरी जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, तेही दोन गल्ल्या पलीकडे. मला पैसे लागले की मी मागायची आणि तो काढून द्यायचा. कधी नाही म्हणाला नाही, हे मुद्दाम लिहिते. त्याला ते खटकलं नव्हतं आणि मलाही नव्हतं.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पाटीसमोर उभे राहिलात. "चूक शे."

माझ्या पोटात गोळा. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, 'प्रोप्रा' पुढचा टिंब तपासला. नियमाप्रमाणे धाकट्यानं पाटी मोठ्यानं वाचली, मी बोट फिरवलं. काही नाही. पप्पा स्टुलावर बसलेले, त्यांनीही वाचली. मग तुम्ही म्हणालात, "भाऊनं नाव शे. बहीननं कोठे शे?" आणि जाऊन तुमच्या ओट्यावर बसलात.

कुणी काही बोललं नाही. धाकट्याच्या हातात शाई ओढायची रबरी पट्टी, स्क्वीजी, होती, तिची निळी शाई त्याच्या चपलेवर टपटपत होती, आणि ती पुसायचं त्याच्या लक्षात येत नव्हतं. पप्पा उठून बाहेर गेले.

आठवडाभरानं धाकट्यानं नवी वही आणली. पहिल्या पानावर दोन रकाने, दोघांचा महिन्याचा पगार, सारखा. मग वकिलाकडे जाऊन भागीदारीचा करारनामा, निम्मं-निम्मं. वकील म्हणाले, करारात वाटा लिहिला नाही तरी १९३२ चा कायदा नफा सारखाच धरतो. तुम्ही म्हणालात, "कायदा धरतो, पाहुणे धरत नाहीत. लिहा." एका बँकेत खातं काढायला गेलो तर समोरचे साहेब धाकट्याला विचारतात, "मॅडमचं नुसतं नाव टाकायचंय ना?" तो म्हणाला, "नाही साहेब. अक्षरं तिची आहेत. मी रंग ओढतो." आबा, तो हे मला कधीच म्हणाला नव्हता. मी फॉर्मवर सही चुकवली, दुसरा फॉर्म मागावा लागला.

पाटी पुन्हा रंगवली. पप्पांनी शिडी धरली. त्यावर ते आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत, पण परवा गिऱ्हाइकाला सांगत होते, "पोरीला विचारा, दर तीच सांगते."

आता ळ. जाताना तुम्ही ती केस आम्हाला दिलीत. ळच्या खणात सहा खिळे आहेत, चार इतके झिजलेले की गाठ बंदच झालीय. तुमचं ते वाक्य धाकट्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हसत सुटला होता: "खान्देशात ळ आधी झिजतो." जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, भुसावळ, पारोळा, तळोदा. आणि बोलताना पाहावं तर आपण धुये म्हणतो, जयगाव म्हणतो, डोयाले पानी म्हणतो. तोंडात नाही तो ळ आपण शिशात झिजवला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गावात ९७ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याचीच कार्डं काढली. प्रत्येक गावाचं नाव, त्यातला ळ मोठा, तुमच्या झिजलेल्या खिळ्याच्या ठशावरून. त्या तीन दिवसांत सगळी गेली. नगरहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, आमच्या गावात ळ नाही, आम्हाला काय? धाकट्यानं त्यांना भुसावळ दिलं, म्हणाला, गाडी तिथूनच बदलाल ना? आमच्याकडची सगळ्यात जास्त खपणारी वस्तू आजही तीच आहे, आणि ती कल्पना आमची नाही.

तुम्ही वाटा घेतला नाहीत. चहा घेतलात, तोही अर्धा. पण वहीत एक तिसरा रकाना आहे, वर 'आबा, ळ' असं लिहिलेलं, आणि दर महिन्याला त्यात काहीतरी जमा होतं. मी एकदा म्हटलं, राहू दे, ते घेणार नाहीत. धाकटा म्हणाला, नाव एकदा लिहिलं की खोडायचं नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, या. आई खापरावर पुरणपोळ्या करणार आहे, रसाचे आंबे आतापासूनच सांगून ठेवलेत. दुपारी वही काढून बसू. येताना डाव्या डोळ्याचे थेंब विसरू नका, मागच्या वेळचे आमच्या फ्रिजमध्येच राहिलेत.

मजकूर : ताई (सही)
मोठ्यानं वाचला : धाकटा (सही)