दवाखान्यातले लिंब तोडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्याची इमारत वाढवायचं ठरलं आहे. फार गरज होती. बाळंतिणींच्या वॉर्डात एका कॉटवर दोघी निजवायची वेळ आमच्यावर अनेकदा आली आहे. पण पार्किंगसाठी आवारातले जुने कडुलिंब तोडणार असं समजलं, म्हणून हे पत्र.

परिचारिका म्हणून माझी बरीचशी नोकरी या आवारात गेली. पुरुष वॉर्डाच्या खिडक्या लिंबांकडे उघडतात. ऑपरेशन झालेला पेशंट जरा सावरला की म्हणायचा, "सिस्टर, खिडकीजवळची कॉट रिकामी झाली की मला द्या." भिंतीकडच्या कॉटसाठी कुणी कधी वशिला लावला नाही. छातीत धडधडतं म्हणून दाखल झालेली एक आजी दुपार कलली की हट्टच धरायची, "बाई, मला लिंबाखाली न्या, इथं जीव गुदमरायलाय." तिथं थोडा वेळ बसवून नाडी बघितली की उतरलेली असायची. गोळ्या त्याच, डोसही तोच. नातेवाइकांचं तर बिऱ्हाडच त्या सावलीत. भाकरी सोडायची तिथं, लेकरू झोळीत टाकायचं तिथं, आणि डॉक्टरांनी वाईट बातमी सांगितली की रडायचं तेही तिथंच. वॉर्डात चार लोकांसमोर मोकळं रडता येत नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर माणसं स्लॅबखाली यायला धजत नव्हती, तेव्हा आम्ही फांद्यांना बाटल्या टांगून इथंच सलाइन लावल्या.

हे केवळ माझं मत नाही. रॉजर उलरिच या संशोधकानं अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, वेदनेची तीव्र औषधंही त्यांना कमी लागली. मला जास्त भावलं ते हे, की पेशंट रडतो आहे, खचला आहे, अशा नर्सच्या शेऱ्यांचाही त्यात पुरावा म्हणून विचार झाला. भिंतीकडच्यांच्या कागदांवर असे शेरे जास्त होते. अभ्यास लहान आहे, मान्य. पण इंग्लंडमध्ये सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असंच दिसलं, की आठवड्यातून दोन तास तरी निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान अधिक चांगलं असल्याचं सांगतात.

आपल्याकडे कुणी म्हणेल, शेतकऱ्याला निसर्गाचं काय कौतुक, तो तर जन्मभर रानातच असतो. पण भर उन्हात सोयाबीन काढणारी बाई मजुरीचा आणि कर्जाचा हिशोब करत असते. तिला रान म्हणजे काम. काही न करता सावलीत टेकायला तिला मिळतं ते आजारपणातच, आणि तेही दवाखान्यात झाड असेल तर. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. इथल्या माणसानं जायचं तरी कुठं?

लिंबांच्या बदल्यात गावाबाहेर रोपं लावू, असं सांगतात. ती रोपं दोन उन्हाळे जगली, तरी वॉर्डातल्या पेशंटला त्यांचा काय उपयोग? शिवाय शहरी भागात ५० वर्षांवरच्या झाडांना २०२१च्या कायदा दुरुस्तीनं 'हेरिटेज ट्री' म्हणून संरक्षण दिलं आहे. या लिंबांचं वय आधी मोजून घ्यावं.

पार्किंगला जुन्या क्वार्टरांमागची पडीक जागा पुरेल. नव्या वॉर्डाच्या खिडक्या लिंबांकडे ठेवा, बुंध्यांभोवती बसायला पार बांधा आणि व्हीलचेअर तिथवर जाईल असा रॅम्प करा. आराखडा अजून कागदावरच आहे, हे बदल आत्ता सहज करता येतील.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, जि. लातूर