लाल पेनाच्या फुलीबद्दल आभार

मेडिकलवाले काकांस,

स. न. वि. वि.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आईवडिलांना घरी सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे जाहीर आभार.

"औषधच घेत नाहीत हो," म्हणत कुणी काउंटरवर आलं की तुम्ही आधी विचारता, "नको कशाला म्हणतात? गोळीला, वेळेला, की देणाऱ्याला?" कवळी टोचत असते, तोंड कोरडं पडलेलं असतं, किंवा तळहातावर आठ गोळ्या एकदम बघून माणूस बिथरतो. संध्याकाळी गोंधळ वाढत असेल, तर तेव्हाच्या गोळ्या सकाळी चालतील का हे डॉक्टरांना विचारायला तुम्हीच सुचवता. नको म्हणाले की वाद घालायचा नाही. २० मिनिटांनी पुन्हा जायचं, जमलं तर घरातल्या दुसऱ्याने. ताठ बसवून आधी घोटभर पाणी, मग एकच गोळी, हनुवटी जराशी खाली. मान मागे करून गोळी घशात टाकली तर ठसका लागतो. गिळल्यावर गालफडात काही उरलंय का, तेही बघायचं.

सगळ्यात मोठे उपकार त्या लाल फुलीचे. गिळत नाहीत म्हटलं की घरोघरी खलबत्ता निघतो. तुम्ही स्ट्रिपवरची एसआर, एक्सएल, एमआर ही अक्षरं दाखवता आणि तिथेच लाल पेनाने फुली मारता: ही कुटायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध कुटल्यावर एकदम अंगात उतरतं. रक्तदाबाचं असेल तर चक्कर येऊन पडायला होतं, मधुमेहाची ग्लिक्लाझाइड एमआर असेल तर साखर झपकन उतरते. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलचं वरचं आवरण फुटलं तर औषध पोटातल्या आम्लातच वाया जातं.

कुटायला चालते ती गोळी एकाच चमचाभर मऊ भातात. वाटीभर भातात कालवली आणि अर्धा भात उरला, तर पोटात किती गेली कोण सांगणार? आणि न सांगता अन्नातून देणं डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलल्याशिवाय नाहीच, यावर तुम्ही ठाम असता. ते आम्हाला पटतं. एकदा घासाचा संशय आला की जेवणही सुटतं.

स्मरणशक्तीच्या गोळीलाच नकार असेल, तर रिव्हास्टिग्मिन या त्याच आजारावरच्या औषधाच्या, अंगाला चिकटवायच्या पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा, असं तुम्ही सांगता. तो पाठीवर वरच्या बाजूला, त्यांचा हात पोचणार नाही असा लावायचा. रोज जुना काढूनच नवा, आणि १४ दिवस त्याच जागी नाही. दोन राहिले तर उलट्या होतात, नाडी मंदावते.

चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही. रक्त पातळ करणारी किंवा फिटची गोळी चुकली, किंवा इन्सुलिन देऊन झालं आणि जेवण नाकारलं, तर लगेच डॉक्टरांना फोन.

आपले ऋणी,
काळजी घेणारी मंडळी

ता. क. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो आणि "ही माझी नाही" म्हणून परत येते. तीच कंपनी आठवणीने बाजूला काढून ठेवता, त्याचे वेगळे आभार.