ग्रबची १०२४ बाइटांची आठवण

पुणे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तू फोनवर विचारलेस की, एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असताना, काल ज्यात काम केले तेच आज आपोआप सुरू व्हावे यासाठी काय करावे. ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना कोणती प्रणाली चालवायची ते ठरवणारा छोटा प्रोग्राम. मी "ग्रबच्या दोन ओळी बदल" एवढेच सांगून फोन ठेवला आणि मग दिवसभर मला चुटपुट लागून राहिली; कारण त्याच दोन ओळींवर विसंबल्यामुळे आमच्या घरी बाबांना बराच मनस्ताप झाला होता. तुझ्या घरीही तसे होऊ नये म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

बाबा आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करत आहेत, हे तुला ठाऊक आहेच. त्यांचा सारा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटांत आहे आणि तो टंकण्याचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते. मी रात्री त्याच संगणकावर डेबियन १२ हे लिनक्स वापरतो. संगणक सुरू होताच ग्रब प्रणालींची यादी दाखवतो, पाच सेकंद थांबतो आणि कोणी कळ दाबली नाही तर ठरलेली नोंद सुरू करतो. बाबा सकाळी बटण दाबून चहा ठेवायला जातात. पाच सेकंदांत चष्मा शोधून, इंग्रजी यादी वाचून बाणाच्या कळीने योग्य ओळीवर जावे, ही अपेक्षा त्यांच्याकडून करणे मला कधीच पटले नाही.

पहिला उपाय मी क्रमांकाचा केला. ग्रब नोंदी शून्यापासून मोजतो; आमच्या यादीत ० वर डेबियन, १ वर डेबियनचे प्रगत पर्याय आणि २ वर विंडोज होते. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलीत 'ग्रब_डिफॉल्ट=२' असे लिहून मी यादी नव्याने बनवणारी 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा चालवली. (आज्ञा आणि नावे मी देवनागरीत लिहीत आहे, टंकताना ती रोमन लिपीतच टंकायची.) आठ-दहा दिवस सुरळीत गेले. मग रॅमविषयी शंका आली म्हणून मी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम बसवला. त्या पॅकेजच्या नोंदी यादीत विंडोजच्या वर येतात, त्यामुळे २ हा क्रमांक मेमटेस्टकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांसमोर निळ्या पडद्यावर आकडे सरकत होते आणि टक्केवारी वाढत होती. कुलवृत्तांत पुसला जात आहे असे त्यांना वाटले. मी उठेपर्यंत ते कशालाही हात न लावता पडद्यासमोर बसून होते, आणि शेजारचा चहा साय धरून थंड झाला होता. त्या दिवसापासून क्रमांकावर भरवसा ठेवायचा नाही असे मी ठरवले.

मग तुला सांगितलेल्या त्या दोन ओळी लिहिल्या: 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड' आणि 'ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू'. या दोन्ही हव्यातच. दुसरीमुळे प्रत्येक वेळी निवडलेली नोंद लिहून ठेवली जाते आणि पहिलीमुळे ती पुढच्या वेळी वाचली जाते. एकच लिहिली तर ग्रब लिहील पण वाचणार नाही, किंवा वाचायला जाईल आणि तिथे काही नसेल. लिहिली जाते ती नोंदीची ओळखखूण, क्रमांक नव्हे. विंडोजची खूण 'ओएसप्रोबर-ईएफआय' अशी सुरू होते आणि पुढे डिस्कच्या विभागाची (पार्टिशनची) ओळखसंख्या येते, त्यामुळे यादीत वर-खाली काही झाले तरी ती बिघडत नाही.

एवढे करूनही काम झाले नाही. विंडोज निवडले की काळ्या पडद्यावर 'स्पार्स फाइल नॉट अलाउड' अशी ओळ उमटायची, कोणतीही कळ दाबा अशी सूचना यायची, मग विंडोज सुरू व्हायचे आणि पुढच्या वेळी ग्रब पुन्हा डेबियनवर येऊन उभा राहायचा. खरा प्रश्न इथे होता, आणि तो समजून घेतलास तर पुढचे सगळे सोपे आहे.

ग्रबची आठवण म्हणजे '/बूट/ग्रब' या फोल्डरातली 'ग्रबएन्व्ह' नावाची नेमक्या १०२४ बाइटांची फाइल. ती उघडून पाहिलीस तर वर शीर्षकाची ओळ, 'ग्रब-एडिटएन्व्ह'शिवाय कशानेही बदलू नये अशी ताकीद, त्याखाली 'सेव्हड_एंट्री=' ही ओळ आणि पुढे शेवटपर्यंत नुसती हॅशची चिन्हे दिसतील. ती चिन्हे म्हणजे राखून ठेवलेली जागा. ग्रब बहुतेक सगळ्या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती, वाचू शकतो, पण फाइल लहान-मोठी करणे किंवा डिस्कवर नवी जागा मिळवणे त्याला येत नाही. फाइल डिस्कच्या ज्या तुकड्यांवर आहे तेच तुकडे शोधून तो त्यांवर जागच्या जागी लिहितो. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर हे चालते. माझी '/बूट' मात्र बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर होती. तिथे एवढी लहान फाइल स्वतंत्र तुकड्यावर न राहता फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदवहीतच सामावली जाते, शिवाय प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज ठेवलेली असते. बाहेरून कोणी जागच्या जागी खाडाखोड केली तर ती बेरीज जुळणार नाही. म्हणून ग्रब लिहायला नकार देतो, आणि तो नकार मला योग्यच वाटतो. एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून वाटणारी व्यवस्था) आणि सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणारी व्यवस्था) यांवरही तो लिहीत नाही, फक्त तिथे संदेश वेगळा येतो.

यावर मी केलेला उपाय: ही फाइल ग्रबला लिहिता येईल अशा जागी ठेवणे. मी स्वॅपमधून (रॅम अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील जागेतून) १ जीबी काढून तिथे ईएक्सटी४चा विभाग केला (त्यात स्वॅपची ओळखसंख्या बदलली, तीही कोणता विभाग कुठे जोडायचा ते लिहिलेल्या 'एफएसटॅब' या फाइलीत दुरुस्त करावी लागली), आधी '/बूट/ईएफआय' अनमाउंट केले (म्हणजे तिथे जोडलेला विभाग सोडवला), मग '/बूट'मधले सगळे नव्या विभागात उतरवले, 'एफएसटॅब'मध्ये '/बूट'ची ओळ '/बूट/ईएफआय'च्या वर घातली आणि दोन्ही त्याच क्रमाने माउंट केले. यानंतर 'अपडेट-ग्रब'च्या आधी 'ग्रब-इन्स्टॉल' चालवायला विसरू नकोस. ईएफआयच्या विभागात (संगणक सुरू होताना आधी वाचला जातो तो) एक छोटी फाइल असते, ती ग्रबला त्याचे घर कोणत्या विभागात आहे ते सांगते. ती बदलली नाही तर ग्रब जुन्याच '/बूट'मधली यादी वाचत राहतो, कारण ती जुनी '/बूट' नव्या विभागाखाली झाकली गेलेली असते, नाहीशी झालेली नसते. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली: बदल करत होतो आणि पडद्यावर काहीच बदलत नव्हते.

शेवटी विंडोज निवडले, संदेश न येता ते सुरू झाले. संगणक बंद करून पुन्हा लावला आणि हात मांडीवर ठेवून पाच सेकंद मोजले. पट्टी आपोआप विंडोजच्या ओळीवर होती. आता मी रात्री डेबियन वापरले, तर उठण्यापूर्वी 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ला विंडोजची खूण देऊन ठेवतो, म्हणजे सकाळी बाबांना काही पाहावे लागत नाही.

तू सुरुवात करण्यापूर्वी 'फाइंडएमएनटी -टी /बूट/ग्रब' (यातला 'टी' कॅपिटल) ही आज्ञा दे आणि फाइल सिस्टिमच्या रकान्यात काय येते ते मला कळव. ईएक्सटी४ आले आणि खाली एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेड नसेल तर त्या दोन ओळी पुरेत. यादीत विंडोजच नसेल तर घाबरू नकोस, ग्रब २.०६ पासून इतर प्रणालींचा शोध मुळातच बंद ठेवलेला असतो, तो 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' लिहून सुरू करावा लागतो. बीटीआरएफएस आले तर विभागाला हात लावण्यापूर्वी घरातल्या सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घे. आणि तोपर्यंत 'ग्रब-रीबूट' मुळीच वापरू नकोस: ती निवड एकदाच लागू होऊन ग्रबने स्वतः पुसायची असते, आणि जिथे त्याला लिहिताच येत नाही तिथे ती पुसली न जाता प्रत्येक वेळी लागू होत राहते.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग. त्या रकान्यात काय आले ते वाचूनच पुढचे पत्र लिहीन.

तुझाच,
मित्र