वळू निवडताना नुसतं वजन नको

संपादक महोदय,

ब्राझीलची नेलोर गुरं मूळची आपल्या आंध्रातल्या ओंगोल जातीची. ब्राझीलच्या लोकांनी मांसासाठी निवड करताना वासरांच्या वजनाची नोंद तर ठेवलीच, पण तरुण वळूच्या अंडकोषाचा घेरसुद्धा टेपने मोजला, कारण घेर चांगला असेल तर त्याच्या कालवडी सहसा लवकर माजावर येतात. नुसत्या वाढीच्या मागे लागलं की पुढे गायी अंगाने थोराड होतात, खायला जास्त लागतं आणि चारा कमी पडला की गाभणच राहत नाहीत, मग वासरू जड असून काय उपयोग? आपल्याकडे खिलारचा वळू अजून शिंगं, रंग नि चाल बघून ठरतो, त्याच्या लेकींचं पहिलं वेत कधी झालं हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही. पशुसंवर्धन खात्याने गावोगावी निदान एवढी नोंदवही तरी सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

एक पशुपालक, सांगोला