बाबा, रांग आहे कुठे ते तरी सांगा

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडलं होतं, तो व्हिडिओ तुम्ही फॅमिली ग्रुपवर परत टाकलात आणि खाली लिहिलंत, "आमची लेक रीतसर गेली, यांना रांगेत उभं राहायला काय धाड भरली होती?" फोनवर हा विषय निघाला की आपलं वाजतं आणि आईला नेमका तेव्हाच गॅसवरचं दूध आठवतं, म्हणून लिहूनच काढते एकदाचं.

त्या १०४ मध्ये तिघं महाराष्ट्रातले होते. डंकीने, म्हणजे चोरवाटेने, येणं मला पटत नाही, एजंट लोक जमिनी विकायला लावतात आणि पोरांना जंगलात सोडून देतात. पण "रीतसर" म्हणजे काय हे इथे सारखं बदलत आलंय हो. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई १८८३ ला न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा व्हिसा नावाची भानगडच नव्हती, बोटीचं तिकीट काढलं की झालं. चिनी मजुरांना मात्र आदल्याच वर्षी कायदा करून बंदी घातली होती. मग १९१७ मध्ये आपल्यासकट जवळपास अख्ख्या आशियाला दार बंद. १९२३ ला भगतसिंग थिंड यांची केस झाली, पहिल्या महायुद्धात यांच्याच सैन्यात होता बिचारा, पण सुप्रीम कोर्ट म्हणालं सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तू बसत नाहीस, सबब नागरिकत्व नाही. ज्यांना आधी मिळालं होतं त्यांचंही काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोत वैष्णोदास बगई म्हणून दुकानदार होते, ब्रिटिशांचं राज्य नको म्हणून बायकामुलांना घेऊन आलेले. नागरिकत्व गेल्यावर भारतात जाऊन यायला साधा पासपोर्ट देईनात, १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. रीतसरच आले होते ते.

मागच्या वेळी तुम्हाला युबा सिटीला नेलं होतं बघा, गुरुद्वाऱ्यात बाबांनी तीनदा डाळ मागून घेतली. तिथले जुने पंजाबी शंभर वर्षांपूर्वी शेतमजुरी करत होते. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना स्वतःच्या नावावर जमीन घेता येईना, गावाकडून बायको आणता येईना, गोरीशी लग्न कायद्यात बसेना. मग कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, आणि नाव स्पॅनिश, आडनाव सिंग अशी पोरं इथे वाढली. आता त्या भागात पीचच्या बागांचे मालक पंजाबी. आणि तोडायला कोण? आई, तुला आठवतोय का तो माणूस, छातीवर पिशवी बांधून तीन पायांच्या शिडीवर चढलेला, दोन्ही हातांनी फळं काढत होता आणि तुझ्याकडे बघून एक पीच काढून दिलं होतं? तो मेक्सिकन. त्याच्याकडे कागद आहेत की नाहीत मला माहीत नाही, पण इथल्या शेतांवर कितीतरी जणांकडे नसतात आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं.

आता गंमत ऐका. आपल्याला आत घेतलं ते १९६५ च्या कायद्याने. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेबांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून सही केली, नातेवाइकांना प्राधान्य ठेवलं तर युरोपातलेच लोक येतील असा काहींचा हिशोब होता, तो साफ आपटला, आपले डॉक्टर-इंजिनियर यायला लागले. पण त्याच कायद्याने मेक्सिकोच्या बाजूने येणाऱ्यांवर पहिल्यांदा आकड्याची मर्यादा घातली, आणि १९४२ पासून चाललेली ब्रासेरो नावाची हंगामी मजुरांची सोय १९६४ लाच संपलेली. म्हणजे बाप ज्या मळ्यात करारावर यायचा तिथेच पोरगा आला की बेकायदा. मळा तोच, पीच तेच. ज्या सहीमुळे मी रीतसर, त्याच सहीमुळे तो चोर. मला हे कळलं तेव्हापासून तुमच्यासारखं छाती फुगवून "आम्ही लाइनीत आलो" म्हणवत नाही.

लाइन नाहीच्चे बाबा. जवळचा नातेवाईक इथे नसेल आणि मोठी डिग्री किंवा खास कौशल्य नसेल तर अशा कामगारांसाठी ग्रीन कार्डं, म्हणजे कायम राहायचे परवाने, वर्षाला फार तर १०,०००, तीही सगळ्या जगाला मिळून. हंगामी व्हिसा आहे, पण हंगाम संपला की चालू पडा. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी यावर बऱ्यापैकी बिल पास केलं होतं, खालच्या सभागृहात ते मताला आलंच नाही. दोन्ही पक्ष तेव्हापासून नुसते ओरडतायत. सीमेवर कडक राहा, माझं काही म्हणणं नाही, पण ज्यांच्या हातची फळं खाता त्यांना एक दार ठेवा ना.

आणि आपली ती सुप्रसिद्ध रांग! नोकरीवाल्यांची कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, नवरा-बायको-पोरांसकट, त्यात एका देशाला ७ टक्के, मग तो भारत असो की आइसलँड. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१६ ची. आमचा ओजस नववीत आहे, तो २१ चा होईपर्यंत कार्ड आलं नाही तर माझ्या अर्जातून बाहेर. तिकडे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीत १,००,००० डॉलर फी आली, तेव्हा ऑफिसातली माणसं भारतात जायला निघालेली एअरपोर्टवरून परत फिरली, कोणाला लागू आणि कोणाला नाही हेच कळेना. बरं, आपलेही काही लोक साव नाहीत, या व्हिसाच्या लॉटरीत एकाच माणसाचे चार-चार कंपन्यांतून अर्ज भरायचे, म्हणून २०२४ ला नियम बदलावा लागला. ते फॉरवर्ड मात्र कोणी करत नाही.

तुम्हाला कायमचं बोलवायचं तर आधी माझं कार्ड, मग पाच वर्षांनी नागरिकत्व, मग तुमचा अर्ज. (आई म्हणेल कोणाला यायचंय कायमचं, तुमच्या त्या मेल्या शांत गल्लीत. माहितीये मला.)

तर सध्या टुरिस्ट व्हिसाच. बीकेसीला अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यू आहे त्याची तयारी करा. पेन्शनचे कागद, फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, एफडीच्या पावत्या एका फाइलीत लावा, मागितल्या तरच द्या. आणि बाबा, एक लक्षात ठेवा, इथल्या कायद्यात टुरिस्ट व्हिसा मागणारा प्रत्येक जण इथे कायमचं राहायलाच येतोय असं धरूनच चालतात, तसं नाही हे आपण पटवायचं असतं. रेल्वेत ३४ वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसालाही हाच नियम. तेव्हा खिडकीवरच्या साहेबाने काही तिरकं विचारलं तर चिडू नका, किती महिने राहणार तेवढं सांगा, आणि बोलायचं काम आईकडे द्या.

तुमची,
मनू