विकासांक घसरला, मुलगी मात्र पुढे गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वमग्नता, अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता अशा मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्थांवर वृत्तपत्रांतून जे लेख येतात, त्यांत लक्षणे लवकर कशी ओळखावीत यावर भर असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु निदानानंतर वर्षानुवर्षे जी मोजमापे होत राहतात, त्यांतले आकडे पालकांनी कसे वाचावेत याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. अशाच एका आकड्याने आमच्या घराची झोप उडवली होती, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीची पहिली सविस्तर चाचणी ती चार वर्षांची असताना झाली. विकासाचे वय, म्हणजे तिची कौशल्ये साधारण ज्या वयाच्या मुलांसारखी आहेत ते वय, २ वर्षे निघाले, म्हणून विकासांक ५० आला. सहाव्या वर्षी पुन्हा चाचणी झाली तेव्हा अहवालात ४६ हा आकडा होता आणि त्यापुढे ‘घट’ एवढाच शेरा होता. मधल्या दोन वर्षांत ती बुटाचे पट्टे स्वतः लावू लागली होती आणि तहान लागली की माझा हात ओढून नेण्याऐवजी ‘पाणी दे’ असे म्हणू लागली होती. कागद मात्र सांगत होता की ती मागे गेली. काय चुकले, कोणती उपचारपद्धती सोडायला हवी होती, या विचारात आम्ही कित्येक आठवडे काढले. पुढे दुसऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी कागदावर साधा भागाकार करून दाखवला. विकासाचे वय भागिले प्रत्यक्ष वय गुणिले शंभर, हा विकासांक. दुसऱ्या चाचणीत मुलीचे विकासाचे वय २ वर्षे ९ महिने होते, म्हणजे ३३ महिने. त्याला ७२ महिन्यांनी भागले की ४६ येतात. मुलीने नऊ महिन्यांचा विकास कमावला होता, पण वय चोवीस महिन्यांनी वाढल्यामुळे आकडा खाली आला होता. तिने आधी कमावलेले काहीही गमावलेले नव्हते.

आज प्रचलित असलेल्या प्रमाणित गुणांनाही हेच लागू होते. त्यांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) १५ धरलेले असते, आणि ते मूल स्वतःच्या वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत कुठे आहे एवढेच सांगतात. विशेष शिक्षण किंवा सवलती ठरवण्यासाठी ती माहिती लागते, हे मान्य आहे. पण मूल कालच्या स्वतःपेक्षा किती पुढे आले, हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी मूळ गुण (चाचणीत प्रत्यक्ष मिळालेले, वयाशी तुलना न केलेले), किंवा व्हाइनलँड (दैनंदिन कौशल्यांसाठी) आणि बेली (लहान मुलांच्या विकासासाठी) या मापनश्रेणींच्या नव्या आवृत्त्यांत दिलेले वाढीचे गुण पाहावे लागतात, आणि नेमके तेच बऱ्याचदा पालकांच्या हाती येणाऱ्या अहवालात नसतात. ज्या मुलांची अक्षमता तीव्र आहे त्यांची अडचण याहून मोठी आहे. अनेक चाचण्यांत ठरावीक आकड्याच्या खाली गुणच दिले जात नाहीत. त्यामुळे असे मूल काही शिकले तरी आकडा तळाशीच राहतो.

साधन कशासाठी बनवले आहे, हेही सांगितले जात नाही. एम-चॅट या स्वमग्नतेविषयीच्या प्रश्नावलीच्या सुधारित आवृत्तीतले २० प्रश्न १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहेत. ती केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. एडॉस ही निरीक्षण-चाचणी स्वमग्नतेच्या निदानाला आधार देण्यासाठी आहे. मूल अधिक बोलू लागले की त्या चाचणीचा वापरायचा विभाग बदलतो आणि मग जुन्या-नव्या एकूण गुणांची थेट तुलना करता येत नाही. अशा साधनांवरून दर सहा महिन्यांनी प्रगती किंवा अधोगती ठरवणे योग्य नाही, असे मला वाटते.

शिवाय मोजणारा कोण आणि मोजले कुठे, याचाही फरक पडतो. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मुलीला ठोकळ्यांचा मनोरा रचायला सांगितले. तिने ते रंगाप्रमाणे टेबलाच्या कडेला ओळीने लावले आणि ‘सूचना पाळत नाही’ अशी नोंद झाली. घरी ती आठ ठोकळे सहज एकावर एक ठेवते. अतिचंचलतेच्या निदानासाठी २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार-निदान पुस्तिकेने लक्षणे किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत अशी अट घातली आहे, ती याच कारणाने. आई आणि शिक्षिका यांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर दोघींपैकी कोणी खोटे बोलते असे नाही. मूल दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागते, ही स्वतंत्र माहितीच आहे.

पण पालक म्हणून आम्हीही निर्दोष मापनकर्ते नाही, हे कबूल करायला हवे. स्वमग्नतेवर सिक्रेटिन या संप्रेरकाचा उपयोग होतो असा बोलबाला झाला तेव्हा १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही मुलांना ते आणि काहींना फक्त मिठाचे पाणी टोचले गेले. सुधारणा दोन्ही गटांत नोंदली गेली आणि त्यांत फरक आढळला नाही. आशेने भरलेले मन प्रश्नावली कशी भरते, हे मी स्वतःवरून सांगू शकते. म्हणूनच आमच्या नोंदींबरोबर, मुलाला न ओळखणाऱ्या आणि कोणता उपचार चालू आहे हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीचे निरीक्षणही हवे.

अहवाल लिहिणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की प्रमाणित गुणांशेजारी मागील व आताचे मूळ गुण द्यावेत, घट लिहिण्यापूर्वी एखादे कौशल्य खरोखर गेले आहे का ते तपासावे, कारण तसे झाले असेल तर ती तातडीने वैद्यकीय तपासणी करण्याची बाब आहे, आणि कुटुंबाशी बोलून दोन-तीन उद्दिष्टे ठरवून तीही मोजावीत. यासाठी १९६८ सालापासून वापरात असलेली एक सोपी पद्धत आहे: प्रत्येक उद्दिष्टासाठी उणे २ ते अधिक २ अशा पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या, अपेक्षित प्रगती म्हणजे शून्य. मुलीच्या पुढच्या चाचणीसाठी आम्ही पहिले उद्दिष्ट लिहून दिले आहे: अनोळखी माणसाकडे, कोणी न सुचवता, पाणी मागणे.

आपली विश्वासू,
एक पालक