ताई, 'हो' म्हणायला शिकवलंत त्याबद्दल

प्रिय ताई,

पहिल्याच ओळीला अडले. 'तू' लिहू की 'तुम्ही'? आपल्या खूणभाषेत समोर बोट केलं की काम भागतं, त्यामुळे इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी पडलाच नाही. मराठीत लिहायला बसले आणि हात आपोआप 'तुम्ही'कडे गेला. चालवून घ्या.

पत्र कशाला, समोर येऊन सांग, असं म्हणाल. पण आभाराचा विषय निघाला की तुम्ही चक्क दुसरीकडे बघायला लागता, आणि तुम्ही दुसरीकडे बघितलं की माझं बोलणंच बंद! म्हणून लिहितेय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण हे वाचणाऱ्यांत कुणीतरी असेल जिचं ऐकण्याचं मशीन अजून केसांखाली आहे.

माझं तसंच होतं. ऐकू कमी व्हायला लागलं तेव्हा मी 19 वर्षांची होते. मशीन कानामागे आणि तो विषयही कानामागे. वारा सुटला की आधी हात केसांवर. चारचौघं हसले की क्षणभर थांबून आपणही हसायचं. तुम्हाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांनी आरशासमोर उभं राहून 'पान', 'बाण' आणि 'मान' हे शब्द आवाज न काढता म्हणून बघावेत. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. दिवसभर अशी कोडी सोडवून घरी आले की डोकं ठणकायचं, आणि घरचे विचारायचे, "मूड नाही का?"

"बहिरी आहेस का?" हे मराठीत रागवायचं वाक्य आहे. त्याला 'हो' असं साधं उत्तर असू शकतं हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी म्हणायचे, "जरा कमी ऐकू येतं." तपासणीच्या कागदावर 70 डेसिबल लिहिलेलं, तरी 'जरा'!

तुमच्या खूणभाषेच्या वर्गात आले तेही पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. पहिल्या दिवशी मी कागदावर लिहून दिलं, 'मला ऐकण्याचा प्रॉब्लेम आहे.' तुम्ही 'प्रॉब्लेम'वर बोट ठेवलंत आणि भुवया उंचावल्यात. हो-नाहीचा प्रश्न विचारताना भुवया वर जातात, ते खूणभाषेचं व्याकरण आहे, हे मला पुढच्या आठवड्यात समजलं. त्या दिवशी वाटलं, बाई भांडतेय.

काही महिन्यांनी तुम्ही मला खूणनाव दिलंत: बोटाने केस कानामागे सारायचे. मी तर केस पुढे ओढायचे! खूण उलटी का केलीत ते तुम्ही आजवर सांगितलेलं नाही. पण रोज चाळीस जण मला त्याच नावाने हाक मारायला लागल्यावर हळूहळू केस खरंच मागे जायला लागले.

तरी चोरटेपणा होताच. बाकीचे जन्मापासूनचे बहिरे. शाळेत खुणा केल्या म्हणून तुमच्या हातांवर पट्ट्या बसलेल्या. मी 19 वर्षं गाणी ऐकलेली. माझा काय हक्क? तेव्हा तुम्ही मला वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाची गोष्ट सांगितलीत. ते 1864 मध्ये बहिऱ्यांसाठी सुरू झालं, आणि 1988 पर्यंत त्याचा प्रत्येक अध्यक्ष ऐकणारा. त्या मार्चमध्ये पुन्हा ऐकणाऱ्याच बाई नेमल्या, तेव्हा विद्यार्थ्यांनी आठवडाभर विद्यापीठ बंद पाडलं. मग आय. किंग जॉर्डन पहिले बहिरे अध्यक्ष झाले. इथवर सांगून तुम्ही थांबलात, आणि मग सावकाश म्हणालात: जॉर्डन 21व्या वर्षी अपघातात बहिरे झाले. माझ्यापेक्षा दोन वर्षं उशिरा.

आता भांडणाचं. आभाराच्या पत्रात भांडण शोभत नाही, पण तुम्हाला गोडगोड पत्र पाठवलं तर ते माझं नाही असं वाटेल.

तुम्ही नेहमी म्हणायचात, "आपण अपंग नाही, आपली फक्त भाषा वेगळी." ऐकायला छान वाटतं. पण हे वाक्य बोलताना आपण अपंगांपासून चार पावलं लांब जाऊन उभे राहतो, आणि ते मला पटत नाही. ज्या कराराचा तुम्ही हवाला देता, तो संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार अपंगांच्या हक्कांचाच आहे. खूणभाषा आणि बहिऱ्यांची संस्कृती यांना मान्यता आणि पाठबळ मिळण्याचा हक्क त्याच्याच 30व्या कलमात आहे. आपली ओळख आपल्याला त्यांच्याच घरात मिळाली ना? ('दिव्यांग' मात्र मला कुणी म्हणू नये. माझ्या कानांत दिव्य असं काहीही नाही.)

तुम्ही वाद घातलात, मान्य केलं नाहीत. पण मग तो रविवार आला. आपली बैठक वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि नवी मुलगी व्हीलचेअरवर. चौघे लगेच पुढे सरसावले, उचलून नेऊ म्हणाले. तुम्ही त्यांना थांबवलंत आणि आधी तिला विचारलंत. ती म्हणाली, "उचललं की मला खांदे धरावे लागतात. म्हणजे मी गप्प." खरंच की! उचलणाऱ्यांचे हात अडकलेले, तिचेही अडकलेले, तेवढा वेळ कुणी कुणाशी बोलूच शकत नाही. आमच्यापैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

तुम्ही एक शब्द न बोलता स्वतःची खुर्ची उचललीत आणि जिना उतरायला लागलात. मागून चाळीस खुर्च्या. जिन्याखाली एकच पिवळा दिवा, हात धड दिसेनात, म्हणून तिघांनी आळीपाळीने मोबाइलचे टॉर्च धरले. बैठक दोन तास चालली, आणि सगळ्यात जास्त तीच बोलली. त्यानंतर ते वाक्य तुमच्या हातांवर मला दिसलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

तर, ताई, आभार. त्या प्रॉब्लेमवर ठेवलेल्या बोटाचे, नावाचे, आणि हरलात हे न सांगता हरल्याचे.

रविवारी मी लवकर येऊन खुर्च्या लावते. तुम्ही फक्त खिडकीकडे पाठ करून बसू नका. गेल्या वेळी मागून ऊन येत होतं आणि तुमचे अर्धे विनोद मला कळलेच नाहीत.

तुमची,
केस कानामागे सारणारी